खिशातला साखरेचा खडा

आमच्या घरी नव्या वाइनची पहिली बाटली गावच्या वाइन-उत्सवाच्या शनिवारी सकाळी उघडायची आणि पहिला ग्लास आईला द्यायचा, असा रिवाज होता. पाहुणे यायच्या आधी, अंगणात टेबलं मांडून झाली की बाबा तळघरातून बाटली घेऊन वर यायचे. आई एप्रनला हात पुसत दारात यायची. एक घोट घेऊन तोंड वाकडं करायची आणि मग एप्रनच्या खिशातून साखरेचा चौकोनी खडा काढून ग्लासात सोडायची. फेस उसळून तिच्या बोटांवरून ओघळायचा. बाबा तेवढ्यापुरते तोंड फिरवून उभे राहायचे.

"झालं का विष कालवून?" ते विचारायचे.

"आता कुठे पिण्यासारखी झाली," आई म्हणायची.

हे इतकी वर्षं चाललं होतं की शेजारचे मार्सलाँकाका त्या वेळेला मुद्दाम कुंपणाशी येऊन उभे राहायचे. कूर्विन्यीत, आमच्या गावात, हा विनोद सगळ्यांना पाठ होता. दर वर्षी तो नव्याने ऐकायला लोकांना आवडायचं, कारण त्यात काही बदलत नसे.

यंदा बाबा नव्हते. फेब्रुवारीच्या शेवटी त्र्वाच्या हॉस्पिटलात ते गेले. त्यामुळे जुलैतल्या त्या शनिवारी बाटली मी आणली. नाँतहून माझ्याबरोबर लायब्ररीत काम करणारी तिफेन आणि तिचा नवरा लोइक शनिवार-रविवार उत्सवासाठी आले होते. उत्सवाचे ग्लास कापडी पिशवीत घालून त्यांनी गळ्यात अडकवले होते आणि दोघं शाळेच्या सहलीला निघाल्यासारखे उभे होते. कुंपणाशी मार्सलाँकाका नव्हते. त्यांनाही यंदा यावंसं वाटलं नसेल.

मी ग्लास भरून आईला दिला. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर ती काठी घेऊन चालत होती. काठी दाराला टेकवून तिने ग्लास घेतला. डावा हात खिशात होता. कागदातून साखर काढताना होणारा बारीक आवाज मला ऐकू आला. तिने घोट घेतला. थांबली. मग दुसरा घेतला.

मी एक वाक्य तयार ठेवलं होतं. 'आई, यंदा मी थोडा पाक घातलाय.' गाडीतून येताना मी ते मनात पुष्कळदा म्हणून पाहिलं होतं. पण आईने खिशातला हात तसाच रिकामा बाहेर काढला आणि ग्लास उन्हात धरून ती म्हणाली, "ऐकलं म्हणायचं शेवटी."

मला आधी कळलंच नाही.

"तुला म्हणाला ना तो? हॉस्पिटलात?" तिने माझ्याकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी फेब्रुवारीपासून पाहिलं नव्हतं. "कधी म्हणाला?"

"शेवटी शेवटी," मी म्हणाले.

काय घडलं होतं ते सांगते. बाटलीतला गाळ काढला की वर थोडी जागा रिकामी होते, आणि बूच लावण्यापूर्वी तिच्यात साखरेचा थोडा पाक घालतात. किती घालायचा हे ज्याचं त्याने ठरवायचं. सगळं गाव घालतं. बाबा घालत नसत. "पाक म्हणजे माफी मागणं," ते म्हणायचे. "मी माझ्या द्राक्षांबद्दल कुणाची माफी मागणार नाही." ती रिकामी जागा ते त्याच वाइनने भरायचे. गावात असं करणारे दोघंच, बाबा आणि मार्सलाँकाका. बाकीच्यांना ते गोडघाशे म्हणायचे. दर वर्षी बाबा स्वयंपाकघरात तीनचार ग्लासांत कमी-जास्त पाक घालून चाखायला मांडायचे, आईलाही बसवायचे, तिचं मत विचारायचे. ती गोड ग्लासाकडे बोट दाखवायची. "लक्षात ठेवतो," म्हणायचे आणि काही न घालता बाटल्या बंद करायचे.

हॉस्पिटलात माझ्याशीही ते याबद्दल बोलले होते. आईचा गुडघा तेव्हा इतका दुखायचा की तिला जिने चढवत नसत. शेवटचे आठवडे मीच त्यांच्याजवळ होते. "यंदाही काही घालायचं नाही," ते म्हणाले होते. एवढंच. मी बरं म्हटलं होतं.

जूनमध्ये आई ऑपरेशननंतर तिच्या बहिणीकडे होती. गाळ काढायचं यंत्र असलेला ट्रक बाबांनी आधीच ठरवून ठेवला होता, म्हणून मी रजा काढून आले. ट्रक यायच्या आदल्या दुपारी मी त्यांच्यासारखे ग्लास मांडले. नुसतं करून पाहावं म्हणून. ग्लासांची जागा बदलली, डोळे मिटले, एकेक उचलून चाखला. माझा हात दर वेळी एकाच ग्लासाशी थांबत होता आणि तो बाबांचा नव्हता.

मी स्वतःला बरीच कारणं दिली. उन्हाळ्यात पाहुण्यांना आंबट नको असतं. दर वर्षी निम्मा माल तसाच राहायचा. नोव्हेंबरपासून मळा चुलतभाऊ कसणार होता आणि तळघर रिकामं करून हवं होतं. ही सगळी कारणं खरी होती. पण त्यांच्या तळाशी एक गोष्ट होती. मला ती वाइन पाक घातल्यावर जास्त चांगली वाटली होती. म्हणजे बाबा आयुष्यभर चुकत होते असं मला वाटलं, आणि ते नसताना मी ते करून पाहिलं.

सकाळी ट्रकवाला म्हणाला, "काहीच नाही ना, नेहमीसारखं?"

मी त्याला पाकाचं माप सांगितलं. त्याने खांदे उडवले आणि कामाला लागला. त्या दिवशी निम्म्या बाटल्या झाल्या. उरलेल्या अजून तळघरातल्या घोडीवर, म्हणजे भोकं पाडलेल्या तिरक्या लाकडी फळ्यांवर, गाळ बुचाशी उतरावा म्हणून उलट्या लावलेल्या होत्या. त्यांची पाळी शरद ऋतूत.

शनिवारी दुपारपर्यंत आमच्या अंगणात गर्दी झाली. वर्षानुवर्षं येणारं बेल्जियमचं एक जोडपं होतं, ते दर वेळी सभ्यपणाने तीन बाटल्या घ्यायचं. यंदा नवऱ्याने घोट घेतला आणि बायकोकडे पाहिलं. "एदमोंनी जाता जाता कमाल केली," तो म्हणाला.

"माझ्यासाठी केलं त्याने," आई म्हणाली. "आयुष्यभर ऐकलं नाही, आणि शेवटी हॉस्पिटलातून निरोप धाडला."

तिने काळं स्वेटर काढून ठेवलं होतं आणि पिवळा ब्लाउज घातला होता. काठी कुठेतरी विसरली होती. दर नव्या गिऱ्हाइकाला ती हे सांगत होती आणि दर वेळी त्यात थोडी भर पडत होती. मी फक्त 'शेवटी शेवटी' म्हटलं होतं. त्या दोन शब्दांना तिने दुपारपर्यंत खिडकी दिली, उशी दिली, बाबांच्या हातात माझा हात दिला. तीन वाजेपर्यंत बाबांनी तिचं नाव घेऊन "सोलांजसाठी" असं म्हटलेलंही होतं. मी पलीकडच्या टेबलावर बाटल्या खोक्यांत भरत होते आणि ऐकत होते. प्रत्येक खोक्यावर बाबांचं नाव होतं, 'एदमों गोद्रिये'.

माणूस गेल्यानंतरच्या दिवसांबद्दल मी पुष्कळ वाचलेलं आहे. लायब्ररीत ते कपाट माझ्याच टेबलामागे आहे. लोक मेलेल्या माणसाला हळूहळू जास्त चांगला करून ठेवतात, हे मला माहीत होतं. त्यासाठी बाहेरून कुणाला तरी सामान पुरवावं लागतं, हे कुठे वाचलं नव्हतं.

"तुझी आई किती गोड आहे," तिफेन म्हणाली. "आणि तुझे बाबासुद्धा. माझ्या बापाने मरताना रिमोट मागितला होता."

"चला, बाकीची तळघरं बघू," मी म्हणाले.

आम्ही गावातून फिरलो. चर्चसमोर बँड वाजत होता, शेगडीवर आंदुयेत, म्हणजे डुकराच्या आतड्यांचे सॉसेज, भाजत होते आणि त्याचा वास आवडणारे एकीकडे, नावडणारे दुसरीकडे अशी माणसांची आपोआप वाटणी झाली होती. प्रत्येक दारात कुणीतरी माझे दोन्ही गाल ओढून मुका घेत होतं आणि बाबांबद्दल एखादं वाक्य बोलत होतं. लोइक प्रत्येक ठिकाणी ग्लास रिकामा करत होता.

"चाखून थुंकायचं असतं," तिफेन त्याला म्हणाली. "ती बादली कशाला ठेवलीय?"

"थुंकायला एवढ्या लांब आलो नाही मी," लोइक म्हणाला. "थुंकायचं तर घरी तुझं सूप आहे."

मी हसले. मोठ्याने हसले. मग लगेच मागे वळून पाहिलं, कुणी पाहिलं का म्हणून.

मार्सलाँकाकांचं तळघर शेवटी होतं. एरवी ते दारातच पाहुण्याला गाठून तासभर बोलायचे. आज ते पिंपावर बसून होते. तिफेन आणि लोइकला त्यांनी वाइन ओतून दिली. त्या दोघांनी तोंडं आवळली आणि ती लपवण्यासाठी भिंतीवरचे जुने फोटो बघायला लागले.

"तुझी आई येऊन गेली," काका मला म्हणाले. "ग्लास घेऊन आली होती. काठीशिवाय."

"हो."

"गोड आहे."

"थोडी."

"थोडी," ते म्हणाले. "मी जानेवारीत त्याच्या उशाशी बसलो होतो. छाटणीवर बोललो, पोपाच्या तब्येतीवर बोललो, डुकरासारखं घोरणाऱ्या त्या शेजारच्या पेशंटवर बोललो. हे तेवढं तो बोलला नाही."

मी ग्लास हातात फिरवत राहिले.

"माणसाने बदलू नये असं माझं म्हणणं नाही. बायकोसाठी बदलला तर उलट चांगलं. पण शेजाऱ्याला सांगावं. मी इथे एकटाच मूर्ख म्हणून उरलो ना आता." त्यांनी टोपी काढून पुन्हा घातली. "आणि उद्या त्याची बाटली मलाच ओतायची आहे. बोलायचं काय?"

आमच्याकडे उत्सवाच्या रविवारी दुपारी सगळे बागायतदार जुन्या धोबीघाटापाशी जमतात. त्या वर्षी ज्या घरातला माणूस गेला असेल त्या घरची बाटली शेजाऱ्याने उघडायची, ओतायची आणि त्या वाइनबद्दल चार शब्द बोलायचे. माणसाबद्दल नाही, वाइनबद्दल. माणसाबद्दल चर्चमध्ये बोलून झालेलं असतं.

"सुचेल तुम्हाला," मी म्हणाले.

"खोटं कधी सुचलं नाही मला," काका म्हणाले. ते मला टोमणा मारत नव्हते. त्यामुळेच ते जास्त लागलं.

रविवारी सकाळी तिफेन आणि लोइक उठायच्या आधी मी स्वयंपाकघरात आले तर आई टेबलाशी बसून होती. पुढ्यात बाउलभर कॉफी. पिवळा ब्लाउज आजही होता.

"क्लो, उरलेल्या बाटल्यांनाही तेवढाच पाक घालायचा," ती म्हणाली. "ट्रकवाल्याला सांगून ठेव. त्याची इच्छा आहे तर अर्धीमुर्धी कशाला."

"बघू."

"बघू काय त्यात." तिने ब्रेडचा तुकडा कॉफीत बुडवला. "रात्री झोप नाही लागली. वाटत राहिलं, मी किती बोलले त्याला. हट्टी, गाढव, दगड. लोकांसमोर. त्याच्या मनात हे चाललं असेल हे कसं नाही कळलं मला?" तुकडा कॉफीत सुटून बुडाला, तिच्या लक्षात आलं नाही. "नेमकं काय म्हणाला गं तो? शब्द सांग. त्याचे शब्द."

मी तिच्याकडे पाहिलं. मला काहीही सांगता आलं असतं. मी पोटापाण्यासाठी पुस्तकं हाताळते, दोनचार शब्द मला सहज जुळवता आले असते. ते मी मनात जुळवलेही, आणि ते इतके पटण्यासारखे होते की मला भीती वाटली.

"ब्रेड संपलाय," मी म्हणाले. "घेऊन येते."

ब्रेड टेबलावर होता. आईने तो माझ्याकडे सरकवला नाही.

बेकरीच्या वाटेवर मार्सलाँकाकांचं अंगण लागतं. ते नळाखाली ग्लास धूत होते. मी फाटक उघडून आत गेले आणि उभ्या उभ्या सगळं सांगितलं. बाबा काय म्हणाले होते, मी काय केलं, आईला काय वाटलं, मी काय उत्तर दिलं. सांगायला फार वेळ लागला नाही. अशा गोष्टी मनात असतात तेव्हा केवढ्या मोठ्या असतात.

काकांनी नळ बंद केला.

"म्हणजे तो तसाच गेला," ते म्हणाले.

"तसाच."

"बरं." त्यांनी ओल्या हाताने नाक पुसलं. मला वाटलं ते रडणार आहेत, पण ते हसले होते. "यंदाही काही नाही, असं म्हणाला? शाबास." मग त्यांचा चेहरा बदलला. "आणि तुला लाज नाही वाटली?"

"वाटते आहे."

"सोलांजला सांगितलंस?"

"अजून नाही."

"मग मला कशाला आधी सांगतेस? मी सोपा म्हणून?"

"हो," मी म्हणाले.

त्यांनी ग्लास उपडा घातला. "तुझा बाप निदान मोठ्याने हट्टी होता, पोरी," ते म्हणाले. "जा आता. दुपारी मला काय बोलायचं ते मी बघतो. पण तिच्यासमोर मी खोटं बोलणार नाही, आणि खरं आधी माझ्या तोंडून तिने ऐकावं असंही मला नको आहे."

ब्रेड घ्यायला मी गेलेच नाही. घरी आले तर आई अंगणात टबात ग्लास विसळत होती. मी शेजारी उभी राहिले आणि फडकं घेतलं. ती विसळून देत होती, मी पुसत होते. काही ग्लास झाल्यावर मी सांगितलं. तिच्याकडे न बघता, ग्लासाकडे बघत सांगितलं. आपण कशासाठी केलं याची कारणं सांगायची नाहीत असं ठरवलं होतं, तरी एक सांगितलंच, मळा चुलतभावाला द्यायचं. ते बोलत असतानाच ते फुकट आहे हे मला कळत होतं.

आई विसळत राहिली. तिच्या हाताचा वेग कमी झाला नाही. शेवटचा ग्लास मला देऊन तिने पाण्यातून हात काढले.

"मला का सांगितलंस?" ती म्हणाली.

"खरं होतं म्हणून."

"ते काल पण खरं होतं. माझ्यासाठी सांगितलंस, का तुझ्यासाठी?"

"मला माहीत नाही."

"हं." तिने एप्रनला हात पुसले. "तो माझं ऐकत नव्हता, हे मला माहीत होतं. त्याची मला सवय होती. मी त्याला शिव्या द्यायचे आणि तो तोंड फिरवायचा, तसंच जगलो आम्ही. कालपासून मी दुसऱ्याच कुणाची तरी बायको होते. भला माणूस होता तो. मला फार आवडला. पण ओळखीचा नव्हता. रात्रभर त्याच्याशी काय बोलावं ते सुचेना मला."

अंगणाबाहेरून कुणीतरी हाक मारून सुप्रभात म्हटलं. आईने हात वर केला.

"तुला आवडली होती का?" तिने विचारलं.

"काय?"

"गोड."

"हो."

"मलाही," आई म्हणाली. "कालची बाटली मी पुष्कळ प्यायले." मग एप्रन सरळ करत, "त्याला तेवढी नसती आवडली. आणि नाव त्याचं आहे."

ती आत गेली. मला वाटलं, ती ब्लाउज बदलून काळं स्वेटर घालून येईल. पण येताना तिने फक्त काठी आणली.

दुपारी धोबीघाटापाशी गाव जमलं. पाहुणेही होते. कठड्याशी लोइक उन्हाने लाल होऊन बसला होता, शेजारी तिफेन. महापौरबाई दोन वाक्यं बोलल्या. मार्सलाँकाका पुढे आले, तेव्हा टेबलावर आमची बाटली ठेवलेली होती, तारेची टोपी आणि नावाची चिठ्ठी लावलेली, जूनमधली.

"ती नको," आई म्हणाली. "घोडीवरची आण, मार्सलाँ."

लोक एकमेकांकडे बघायला लागले. काकांनी माझ्याकडे पाहिलं आणि मी मान हलवली. ते आमच्या तळघरात गेले आणि बाटली मानेकडून खाली तशीच उलटी धरून, हळूहळू, देवाची मूर्ती आणावी तसे घेऊन आले. बाटलीवर धूळ होती. चिठ्ठी नव्हती. बुचाशी गाळाचा पांढरा गोळा बसलेला दिसत होता.

त्यांनी खिशातून बूच उडवायची लोखंडी चावी काढली. बाटली खाली झुकवून धरली आणि एका झटक्यात वर आणता आणता पत्र्याचं बूच उडवलं. मोठा आवाज झाला, गाळ फेसाबरोबर दगडांवर उडाला आणि काकांचा अंगठा बाटलीच्या तोंडावर बसला. पुढच्या रांगेतल्या एका बाईच्या सँडलवर शिंतोडे गेले. बाबाही असंच करायचे, यंत्रावर त्यांचा विश्वास नव्हता, फक्त पाठ कामातून गेल्यापासून ट्रक बोलवायला लागले होते.

"एदमों गोद्रियेची वाइन," काका म्हणाले. "यात काही घातलेलं नाही."

लोक पुढचं ऐकायला थांबले. पुढचं नव्हतं.

त्यांनी ओतली. पहिला ग्लास आईला दिला. आईने घोट घेतला आणि डोळे मिटून तोंड वाकडं केलं. मग ती एप्रनच्या खिशात हात घालून काहीतरी शोधायला लागली. उत्सवाच्या ठिकाणी ती एप्रन घालून आली आहे, हे मला तेव्हाच जाणवलं. तिने कागद सोडवला आणि खडा ग्लासात टाकला. फेस उसळला, तिच्या बोटांवरून मनगटापर्यंत आला. गावातली माणसं हसायला लागली. ज्यांना माहीत होतं ती सगळी हसली आणि त्यातली काही हसता हसता थांबली.

मार्सलाँकाकांनी तोंड फिरवलं होतं.

आई ग्लास हातात धरून क्षणभर तशीच उभी राहिली. इथे बाबांचं एक वाक्य यायला हवं होतं. ते मला पाठ होतं, काकांना पाठ होतं, निम्म्या गावाला पाठ होतं. कुणी म्हटलं नाही. मग आईने स्वतःशीच मान हलवली आणि ग्लास संपवला.

माझ्या वाट्याला आलेला घोट मी घेतला. तो आंबट होता, धारदार होता, आणि मला जूनमध्ये वाटलं होतं तसंच आताही वाटलं. मी तो संपवला.

चारच्या सुमाराला तिफेन आणि लोइक निघाले. त्यांनी ऑफिसातल्या सगळ्यांसाठी खोकी घेतली होती. ती मीच गाडीत लावून दिली.

"दुपारची ती जरा जास्तच आंबट होती, नाही का?" लोइक खिडकीतून म्हणाला. "बरं झालं, आम्ही काल ही घेतली. तुझे बाबा ग्रेट होते, क्लो."

"सावकाश जा," मी म्हणाले.

गाडी वळणावर दिसेनाशी झाली. तिच्या आधी दोन दिवसांत अशा कितीतरी गाड्या गेल्या होत्या. त्या बाटल्या वाढदिवसाला उघडतील, कुणीतरी चिठ्ठीवरचं नाव वाचेल आणि चांगली आहे म्हणेल.

अंगणात आले तर आईने मोठा टब गरम पाण्याने भरला होता आणि न विकलेल्या बाटल्या त्यात उभ्या केल्या होत्या.

"ट्रकवाल्याला सांग, उरलेल्यांत काही घालायचं नाही," ती म्हणाली. "आणि या आपण दोघी पिऊ. पण अशा नाही. बस इथे."

मी तिच्यासमोर स्टुलावर बसले. बाटल्यांवरच्या बाबांच्या नावाच्या चिठ्ठ्या भिजून फुगल्या होत्या. आईने एका बाटलीवर अंगठा घासला, तेव्हा कागद सुरकुतून एका बाजूने सुटला. तिने तो न फाडता अलगद काढला आणि टबाच्या काठावर सरळ करून ठेवला. मी दुसरी बाटली घेतली. माझ्याकडून 'गोद्रिये' फाटलं.

"हळू," आई म्हणाली. "घाई कसली आहे."

मी पुढची बाटली उचलली.